मदत हवी आहे: कॅडमियम बाहेर फेकणारा जिवाणू तेच साठवतो कसा?

नमस्कार मंडळी,

एमएससीच्या प्रकल्पासाठी स्यूडोमोनास गटातल्या एका जिवाणूवर काम करतेय. कॅडमियम क्लोराइड घातलेल्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्ये (पोषक द्रव माध्यमात) तो जोमाने वाढतो. सेंट्रीफ्यूज केल्यावर, म्हणजे वेगाने फिरवून पेशी तळाशी बसवल्यावर, वरच्या द्रावातलं कॅडमियम घटलेलं दिसतं. याचा अर्थ लावताना घोडं अडलंय.

कॅडमियम जस्त आणि मँगनीजच्या वाहक प्रथिनांमधून पेशीत घुसतं आणि प्रथिनांतल्या सल्फरयुक्त गटांना चिकटून ती निकामी करतं. यावर जिवाणूंचा मुख्य उपाय म्हणजे पंप. स्टॅफिलोकोकस ऑरियसचा कॅड-ए पंप एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून कॅडमियम बाहेर काढतो. क्युप्रिॲव्हिडस मेटॅलिड्युरन्सचा सीझेडसी पंप प्रोटॉनच्या ओघावर चालतो, आणि तो कोबाल्ट, जस्त, कॅडमियम तिन्ही घालवतो. पाऱ्याची गोष्ट तर मला फारच आवडली: मेर-ए हे विकर पाऱ्याच्या आयनाचं धातुरूप पाऱ्यात रूपांतर करतं आणि तो वाफ होऊन निघून जातो!

प्रतिकार म्हणजे धातू घालवणं असेल, तर माझ्या पेलेटमध्ये (तळाशी बसलेल्या पेशींच्या गोळ्यात) तो जमतो कसा? आत शिरलाय की भिंतीला चिकटलाय, हे कसं ओळखायचं? धातू मोजायला ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनची सोय आहे. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद:

दोन्ही एकाच वेळी घडू शकतं. पंप आतलं कॅडमियम काढत राहतो आणि पेशीच्या पृष्ठभागावरचे ऋणभारित फॉस्फेट व कार्बोक्सिल गट ते धरून ठेवतात. हे काम मेलेल्या पेशीही करतात. काही जिवाणू मात्र आतच बांधून ठेवतात; सायनेकोकॉकसमध्ये त्यासाठी मेटॅलोथायोनिन हे धातू बांधणारं प्रथिन असतं.

पण त्याआधी माध्यम तपासा. ब्रॉथमधली पेप्टाइडं धातूला बांधतात, त्यामुळे जिवाणू आहे त्यापेक्षा चिवट वाटतो. फॉस्फेट जास्त असेल तर कॅडमियम फॉस्फेटचा साका पेशींसोबत तळाशी बसतो आणि तो जिवाणूच्या खात्यावर जमा होतो. म्हणून पेशी न घालता तेवढंच माध्यम, तेवढंच कॅडमियम घेऊन सेंट्रीफ्यूज करा. इथेच घट दिसली तर पुढचं सगळं थांबवा आणि कमी फॉस्फेटचं, ट्रिस बफरचं माध्यम घ्या.

मग पेलेट ईडीटीएने (धातूचे आयन बांधून घेणाऱ्या रसायनाने) धुवा. सुटेल ते बहुतांशी पृष्ठभागावरचं, उरेल ते आतलं. फक्त ईडीटीए सौम्य ठेवा आणि थोडाच वेळ: स्यूडोमोनास ग्राम-निगेटिव्ह आहे, म्हणजे त्याच्या भिंतीबाहेर आणखी एक पटल असतं; ईडीटीएने त्याचं बाहेरचं आवरण सैल होतं आणि आतलंही गळायला लागतं. धुतल्यानंतर किती पेशी जिवंत आहेत तेही प्लेटवर मोजा.