मदत हवी आहे: लेकीच्या पिंपल्सवरचं जेल

नमस्कार मंडळी. माझी लेक 16 वर्षांची, यंदा अकरावीला. गालांवर, कपाळावर लाल, पू भरलेले पिंपल्स येतात. मैत्रिणीचं बघून तिने मेडिकलमधून 1 टक्का क्लिंडामायसिनचं, म्हणजे अँटिबायोटिकचं जेल आणलं आणि पाच महिने नुसतं तेच लावलं. आधी चेहरा छान निवळला, मग पुन्हा जैसे थे.

आता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं. अँटिबायोटिक एकटंच फार दिवस लावलं की जंतू त्याला दाद देत नाहीत, सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड (जंतू मारणारं लावायचं औषध) हवंच, असं त्यांनी समजावलं. म्हणून सकाळी दोन्ही एकत्र असलेलं जेल 12 आठवडे आणि रात्री मटारएवढं अडापलीन (पिंपल्सवरचं, व्हिटॅमिन ए सारखं लावायचं औषध). पटलं मला. पण चार दिवसांतच नाकाच्या कडेची त्वचा सोलवटली, आग होते, पोरगी रडकुंडीला आलीय. निळ्या अभ्र्यावर पांढरे डागही पडले. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग जातो हे मला ठाऊकच नव्हतं.

डॉक्टरांची पुढची वेळ दहा दिवसांनी आहे. ज्यांनी हे वापरलंय त्यांनी प्लीज सांगा, दिवसाआड लावून सवय झाली का? मॉइश्चरायझर आधी लावायचं की नंतर? सोलवटणं किती दिवसांत थांबलं? स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची क्रीम मात्र कृपया सुचवू नका, ती मी तिला लावू देणार नाही.