मदत हवी आहे: वडकीला बैठं घर बांधतोय, सासूबाईंची खोली कुठे घ्यावी?

नमस्कार मंडळी,

दिवे घाटाच्या पायथ्याशी वडकीला आमचा 40 बाय 60 फुटांचा प्लॉट आहे. रस्ता पश्चिमेला, 40 फुटांच्या बाजूने. चारी बाजूंनी जागा सोडून 30 बाय 45 चं बांधकाम बसतंय. दिवाळीनंतर पाया खणायचाय आणि या महिन्याअखेर नकाशा मंजुरीला द्यायचाय.

घर बैठंच हवं हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. सध्या आम्ही शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. सासूबाई 76 वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे गेलेत, वॉकरशिवाय चालता येत नाही. संक्रांतीपासून गेल्या रविवारपर्यंत त्या तीनदाच खाली उतरल्या, तिन्ही वेळा डॉक्टरकडे जायला, आणि तेही खुर्चीत बसवून दोघांनी उचलून नेलं म्हणून. घराचा सगळा घाट त्यांच्यासाठी घातलाय आणि नेमकी त्यांचीच खोली अडली आहे.

आर्किटेक्टने काढलेला नकाशा असा: समोर वायव्येला हॉल, नैऋत्येला आईंची खोली आणि तिला जोडून संडास-बाथरूम. मध्ये जेवणाची जागा, आमची खोली आणि सगळ्यांसाठीचा संडास. मागे आग्नेयेला स्वयंपाकघर, ईशान्येला मुलांची खोली. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची खोली नैऋत्येलाच असावी, असा आमच्या काकांचा आग्रह. त्यांचा शब्द मोडावा असं कुणालाच वाटत नाही, नवऱ्याला तर मुळीच नाही.

गेल्या रविवारी हाच नकाशा आम्ही प्लॉटवर आखून पाहिला. खुंट्या ठोकून सुतळी ताणली आणि चुन्याची फक्की टाकत सगळ्या खोल्या खऱ्या मापाने काढल्या. मुरूम दाबून घेतलेला आहे, त्यामुळे वॉकर नीट चालला. सकाळी साडेसातला आईंना गाडीने नेलं. त्या त्यांच्या 'खोलीत' गेल्या, पलंगाची जागा पाहिली, मग दारातून निघून पॅसेजने स्वयंपाकघरापर्यंत चालत गेल्या. लेक मागून पावलं मोजत होती. अडतीस झाली. मध्ये दोनदा थांबल्या. परत खोलीत येऊन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "झोपेन मी इथे, पण दिवसभर करू काय? ओटा दिसत नाही गं इथून."

तेव्हापासून माझं मन त्या नकाशात रमत नाहीये. सकाळी भाजी निवडायची, शेंगा सोलायच्या, कुकरच्या शिट्ट्या मोजून "बंद कर गं" म्हणायचं, हा त्यांचा दिवस. स्वयंपाकघरापासून लांब ठेवलं तर तो त्यांच्या हातून जाईल.

दुसरी गोष्ट उन्हाची. आत्ताच्या घरात आमच्या खोलीला पश्चिमेची भिंत आहे. मे महिन्यात रात्री दहाला तिला तळहात लावला तरी ती गरम लागते. दक्षिणेचं ऊन मला तितकं त्रासाचं वाटत नाही. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दोन फुटांचा छज्जा दक्षिणेच्या खिडकीला पुरतो. पश्चिमेला मात्र दुपारनंतर ऊन तिरपं होऊन छज्ज्याखालून सरळ आत येतं. त्यात बैठं घर, म्हणजे वरून स्लॅबही तापणार. नैऋत्येची खोली दोन्ही बाजूंनी भाजणार, आणि पावसाळ्यात झडही पश्चिमेकडूनच येणार. हॉलपुढे सहा फुटांची पडवी घेतोय, ती ऊन आणि पाऊस दोन्ही अडवेल, पण ती या खोलीपर्यंत वाढवली तर मागच्या खोल्यांतून जागा जाते.

म्हणून मी असं सुचवलं: आईंना ईशान्येची मागची खोली द्यायची. सकाळचं कोवळं ऊन, दुपारनंतर सावली, स्वयंपाकघर जवळ. नैऋत्येला आम्ही दोघं जाऊ, आमच्या खोलीत मुलं येतील. काका खोलीच्या बदलाला हो म्हणाले, पण ईशान्येला संडास नको यावर ठाम आहेत. रात्री आईंना तीनदा उठावं लागतं, त्यामुळे जोडून संडास हवाच. मग तो खोलीच्या दक्षिणेला सरकवला, म्हणजे कोपऱ्यात न येता पूर्वेच्या भिंतीच्या मध्यावर. पण मग त्याची भिंत थेट ओट्याला लागते आणि ते मलाच पटत नाही. म्हणून मध्ये कोठीची खोली टाकली.

आता हिशोब बघा. पूर्वेची बाजू 30 फूट. खोली 11, संडास-बाथरूम 5, कोठी 4, स्वयंपाकघर 10. बेरीज बरोबर 30, पण यात भिंती धरलेल्याच नाहीत. बाहेरच्या दोन नऊ इंची आणि आतल्या तीन सहा इंची धरल्या की तीन फूट कमी पडतात. हे तीन फूट कुठून काढू?

कोठी पूर्ण रद्द करून तिच्या जागी नुसतं भिंतीतलं कपाट करता येईल. खोली 10 फुटांची केली तर पलंगाशेजारी वॉकर वळेल का, हे कुणी प्रत्यक्ष पाहिलं असेल तर सांगा. स्वयंपाकघर आखूड करायला मी तयार आहे, फक्त भांडी घासायची मोरी आणि वॉशिंग मशीन मागच्या दाराबाहेर निघायला हवं.

आणखी एक. ठेकेदार म्हणतो, रस्ता दरवेळी वर चढतो, जोतं अडीच फूट ठेवा. माझ्या मते वॉकरसाठी रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नको. म्हणजे अडीच फुटाला 30 फूट लांबीचा रॅम्प. समोर फक्त 10 फूट मोकळे आहेत, म्हणून तो उत्तरेच्या कडेने न्यायचा विचार आहे. तिथे 5 फूट जागा सोडलीय. सोडलेल्या जागेत रॅम्प घेतला तर मंजुरीला अडचण येते का? दीड फुटाचं जोतं ठेवून 18 फुटांत भागवलेलं कुणाचं घर आहे का, आणि पावसात पाणी कुठवर आलं?

भर: काल काहींनी विचारलं म्हणून इथेच लिहिते. बाथरूमचं दार तीन फुटांचं आणि बाहेर उघडणारं घेतोय, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलताच येत नाही. उंबरठा नाही, फक्त उतार. पुढे मजला चढवायचा का, तर हो, कॉलम त्या हिशोबाने घेतोय, जिना बाहेरून. आणि आईंना विचारलं का, असं एका ताईंनी लिहिलंय. आज संध्याकाळी त्यांनीच लेकीकडून कागद मागवून घेतला, स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यांच्यामधल्या पॅसेजच्या भिंतीवर पेन्सिलीने एक चौकोन काढला आणि म्हणाल्या, "इथे खिडकी ठेव." म्हणजे दार आणि ही खिडकी समोरासमोर आणून पलंगावरून ओटा दिसेल का, तेही तीन फुटांसोबत बसवायचंय. आर्किटेक्टकडे सोमवारी जायचंय, त्याआधी कुणी सुचवलं तर फार मदत होईल.