माजी सैनिकांचं उद्यान : रणगाडा, भिंत की नुसता बाक?

वळणावरचा :

नमस्कार मंडळी. आम्ही काही जण वर्गणी काढून माजी सैनिकांच्या सन्मानार्थ स्मारक उद्यान करायला निघालोय. जागा आहे, आराखडाही हातात आलाय. मधोमध ध्वजस्तंभ, समोर सेवेतून काढलेला रणगाडा, मागे काळ्या ग्रॅनाइटची लांबलचक भिंत आणि भिंतीवर नावं. समितीत मीही आहे आणि सध्या सगळ्यांच्या डोळ्यात खुपतोय.

लोकांना वाटतं माझा राग रणगाड्यावर आहे. तो आहेच, पण जास्त भिंतीवर आहे. अशी भिंत पाहिली की मनात येतात ती गेलेल्यांची नावं. आपण तर माजी सैनिकांसाठी करतोय, म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यातले कितीतरी जण उद्या सकाळी तिथे फिरायला येणार. जिवंत माणसाला स्वतःचं नाव काळ्या दगडावर वाचायला लावायचं का? अमेरिकेने यासाठी दोन दिवसच वेगळे ठेवलेत. मे महिन्यातला शेवटचा सोमवार कामी आलेल्यांचा, आणि ११ नोव्हेंबर सेवा केलेल्या सगळ्यांचा. हा दुसरा आधी पहिल्या महायुद्धाचा युद्धविराम दिन होता, १९५४ साली त्याचा माजी सैनिक दिन झाला.

मला भावलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटचं. १९१७ ते १९१९ या काळात कपड्यांच्या एका कारखान्यातल्या कामगार मुलींनी पुढाकार घेऊन रस्त्याच्या कडेने २२ किलोमीटर झाडं लावली. तिथून भरती झालेल्या प्रत्येकाच्या नावाने एक. मेला त्याचंही, परतला त्याचंही. क्रम हुद्द्याचा नाही, भरतीचा.

तर माझं म्हणणं : रणगाडा नको, भिंत नको, माणशी एक झाड आणि बसायला बाक. बोला.

ताळेबंद :

मी याही पुढे जातो. उद्यानच नको. ज्याचे गुडघे गेलेत, ज्याला रात्र रात्र झोप येत नाही, ज्याचे निवृत्तिवेतनाचे कागद कुठल्यातरी टेबलावर अडकलेत, त्याला तुमचं झाड काय देणार? सावली? तेवढ्या वर्गणीत समुपदेशक बसवा, कागदपत्रं करून देणारा माणूस नेमा.

हा वादही नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये गावोगावी हाच खल झाला. कुणी दगडी क्रूस उभारला, कुणी सभागृह बांधलं, कुणी खेळाचं मैदान केलं, कुणी छोटं रुग्णालय. मला विचाराल तर रुग्णालयवाले शहाणे.

फौजीची लेक :

ताळेबंद, असहमत. त्या शहाण्यांचं पुढे काय झालं तेही सांगा की. १९४८ साली ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि वर्गणीतून उभी राहिलेली रुग्णालयंसुद्धा तिच्यात गेली. उपयोगाच्या वस्तूचं हेच होतं. उपयोग संपला किंवा मालक बदलला की आठवण अडगळीत.

आणि लोकांना जागा लागते हो. लंडनचं सेनोटाफ हे युद्धस्मारक आधी जुलै १९१९ च्या संचलनापुरतं लाकूड आणि प्लास्टरचं केलं होतं. लोकांनी त्याच्या पायाशी फुलांचा इतका ढीग घातला की ते काढायची सोय राहिली नाही, १९२० मध्ये तेच दगडात बांधावं लागलं. त्यावर एकही नाव नाही, धर्माचं चिन्हही नाही. बेल्जियममध्ये ईपर गावच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली १९२८ पासून रोज रात्री आठ वाजता बिगुल वाजतो, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन ताब्याचा काळ सोडला तर. वाजवणारे कोण? तिथल्या अग्निशमन दलातले लोक. अंदाजपत्रकात या असल्या गोष्टीला कुठला रकाना असतो?

माझे वडील समुपदेशकाकडे कधी गेले नसते. 'मला काय झालंय?' म्हणाले असते. पण कुठे बसायला सांगितलं असतं तर बसले असते.

रोखठोक :

सगळे भावुक झालात, आता माझं ऐका. रणगाडा काढलात तर उरते ती बाग. बागा काय कमी आहेत? पोरं रणगाडा बघायला येतील, त्यावर चढतील, विचारतील 'हा कुणाचा?' आणि तिथून गोष्ट सुरू होईल. झाडाखाली उभं राहून कोण विचारतं? फार सोवळं नेसू नका. सैन्य म्हणजे शस्त्र. ते लपवायचं कशाला?

निवृत्त सिग्नलवाला :

रोखठोक, पोरांचं म्हणताय ते खरं आहे, नाकारत नाही. पण मी सिग्नलमध्ये होतो. सगळी नोकरी तारा, बॅटऱ्या आणि कानाला लावलेला हेडफोन. रणगाड्यात एकदाही बसलो नाही. माझ्याबरोबर स्वयंपाकी होते, ड्रायव्हर होते, नर्सिंगवाले होते, खेचरं सांभाळणारा एक जण होता. आमच्या नातवंडांनी रणगाड्याकडे बोट दाखवून 'आजोबा, तुम्ही हा चालवायचात?' विचारलं की आम्ही दर वेळी 'नाही रे' म्हणायचं. आमच्या नावाने बांधलेल्या ठिकाणी आम्हीच खुलासे करत बसायचं, असं होईल ते.

बाकी नंतर लिहितो, टंकायला वेळ लागतो.

माळीबुवा :

धागाकर्त्यांच्या झाडांबद्दल. मी बागकामातला माणूस, झाडं नकोत असं माझ्या तोंडून निघणार नाही. पण माणशी एक झाड, त्यावर नावाची पाटी, ही कल्पना कागदावरच गोड आहे. लावलेली सगळी रोपं जगत नाहीत. बुरशी लागते, वाळवी लागते, पाण्याची एखादी पाळी चुकते. आता बघा : काका रोज सकाळी फिरायला येतात. शेजाऱ्याचं झाड डेरेदार. यांचं शेंड्याकडून वाळत चाललंय, आणि खोडाशी पाटीवर यांचंच नाव. रातोरात नवं रोप लावाल, पण ते गुडघ्याएवढं. काकांच्या लक्षात येणार नाही असं वाटतं?

आमच्याकडे एका ठिकाणी वाढदिवसाची झाडं लावली होती, तिथे एक आजी आठवडाभर बोलल्या नाहीत. अवांतर झालं, पण विसरलो नाही.

वळणावरचा :

माळीबुवा, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाट्या रद्द. झाडं सगळ्यांची मिळून.

अक्षरकोर :

दगडावर अक्षरं कोरणं हा माझा धंदा, म्हणून भिंतीच्या बाजूने चार शब्द. काळा दगड म्हणजे सुतकच असं नाही. वॉशिंग्टनची व्हिएतनाम भिंत, म्हणजे त्या युद्धात गेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या नावांची, १९८२ ची. आराखडा माया लिन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा, १४२१ प्रवेशिकांतून निवडलेला. तेव्हा केवढा गहजब झाला, आणि समेट म्हणून १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवावा लागला. आज लोक त्या भिंतीला हात लावून उभे राहतात. नावं वर्णानुक्रमे नाहीत, बळी पडल्याच्या तारखेने आहेत, म्हणजे एकाच चकमकीत गेलेले शेजारी शेजारी. नावापुढे पत्त्यांतल्यासारखी चौकट असेल तर मृत्यू नक्की, क्रूस असेल तर बेपत्ता. बेपत्ता माणूस जिवंत परतला तर क्रूसाभोवती वर्तुळ कोरायचं ठरलं होतं. ते वर्तुळ अजून एकदाही कोरावं लागलेलं नाही. हे वाचलं त्या दिवशी मी छिन्नी बाजूला ठेवली होती.

पण धागाकर्त्यांची शंका रास्त आहे. तिथे अट आहे ती युद्धातल्या मृत्यूची. घरी आल्यावर वर्षांनी युद्धात फवारलेल्या विषारी रसायनाच्या आजाराने गेले, आत्महत्या करून गेले, त्यांची नावं भिंतीवर नाहीत. त्यांच्यासाठी २००४ मध्ये बाजूला जमिनीत एक पाटी बसवली. नावांशिवाय.

यादी केली की कुणीतरी बाहेर राहतोच. ब्रिटन आणि त्याच्या जुन्या साम्राज्यातल्या युद्धमृतांच्या समाध्या सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाचं १९१७ पासूनचं तत्त्व काय? हुद्दा, वंश, धर्म काही न बघता सगळ्यांना सारखा दगड. आणि २०२१ मध्ये त्यांच्याच अहवालाने कबूल केलं की आफ्रिकी आणि आशियाई मृतांच्या बाबतीत ते पाळलं गेलं नाही, किमान १,१६,००० जणांची नावाने किंवा अजिबातच नोंद झाली नाही. तेव्हा तुमच्या समितीला पहिला प्रश्न : तीन वर्षं नोकरी केलेला येणार का? शिस्तभंगावरून काढलेला? दुसऱ्या बाजूने लढून आता शेजारी राहायला आलेला?

रोखठोक :

शेवटचा प्रश्न मुद्दाम काडी टाकायला घातलाय. हलके घ्या. पण बाकीच्या दोन्हींचं उत्तर समितीकडे नाही हे मी पैजेवर सांगतो.

ताळेबंद :

आणि झाडलोटीचं उत्तर आहे का? उद्घाटनाला पुष्पचक्र घेऊन सगळे येतील. पाचव्या वर्षी ध्वजस्तंभाची दोरी तुटेल, तेव्हा वर चढणार कोण? वर्गणीतला निदान तिसरा हिस्सा मुदत ठेवीत टाका, त्याच्या व्याजावर एक माणूस ठेवा. तेवढं केलंत तर माझा विरोध मागे नाही, पण आवाज खाली.

निवृत्त सिग्नलवाला :

अर्धं राहिलं होतं ते लिहितो.

भिंत ठेवा, नावं काढा. कारण सांगतो. मी हॉटेलात गेलो की कोपऱ्यातली खुर्ची शोधतो, पाठ भिंतीला आणि नजर दाराकडे. बायको हसते, आता तीच माझ्यासाठी तशी जागा धरते. आमच्यातल्या बऱ्याच जणांचं असंच आहे. आराखड्यात बाक कुठे आहेत बघा : मधोमध, ध्वजस्तंभाकडे तोंड करून, मागे उघडं मैदान. तिथे मी दोन मिनिटं बसणार नाही. मागून कोण येतंय हे मान वळवून बघत बसणं म्हणजे विश्रांती नव्हे. भिंतीला टेकून बाक ठेवा, समोर फाटक दिसू दे. गुळगुळीत ग्रॅनाइट कशाला, साधा ओबडधोबड दगड चालेल.

पायवाटेवर खडी नको, चाकाची खुर्ची रुतते. उद्घाटनाला फटाके नकोत, यावर जास्त लिहीत नाही.

फौजीची लेक :

काका, वडील जेवताना नेहमी भिंतीकडची जागा का घ्यायचे ते आज कळलं. आम्ही त्यांना चिडवायचो.

वळणावरचा :

भिंत नको म्हणून दोन बैठका भांडलो, आता तीच मागायला जायचंय. रणगाड्यावर मतदान रविवारी आहे आणि तो बहुधा येणारच, हात मोजलेत मी. निदान त्याला फाटकाबाहेर काढता येतोय का बघतो. काका, बाकांचं अजून काही?

निवृत्त सिग्नलवाला :

बाकांना हात असू द्या. उठताना लागतात.