मदत हवी आहे: संदिग्ध नमुने कुठल्या रकान्यात टाकायचे?

नमस्कार मंडळी. एका रसायनाचा झेब्राफिश या छोट्या माशाच्या भ्रूणांवर काय परिणाम होतो, ते तपासतेय. अडलंय सात भ्रूणांपाशी. सूक्ष्मदर्शकाखाली शेपटीला बाक आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. सामान्य धरले तर पी-मूल्य (परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०७, विकृत धरले तर ०.०३. रूढ सीमा ०.०५ ची, त्याखाली असेल तरच 'परिणाम आहे' म्हणतात.

'परिणाम नाही' लिहिलं आणि चुकलं, तर भोगणार रसायन वापरणारे. 'आहे' लिहून चुकलं, तर उपयोगी रसायन विनाकारण बदनाम. यातली कोणती चूक जास्त महाग, हे संख्याशास्त्र सांगत नाही. विज्ञानाचे तत्त्वज्ञ रिचर्ड रडनर यांनी १९५३ मध्येच हे मांडलंय. मार्गदर्शक म्हणतात, मूल्यं (म्हणजे काय चांगलं, काय वाईट याचे निवाडे) विज्ञानाबाहेर ठेव. मला पटत नाही. पण मूल्यांच्या नावाखाली हवा तो निष्कर्षही काढायचा नाहीये.

कोणी प्रबंधात असा निर्णय उघडपणे मांडलाय का? पद्धतीच्या प्रकरणात की चर्चेत? आणि नियम आधी ठरवला नव्हता, ही चूक माझीच. आता दोन्ही मोजण्या द्याव्यात, की नमुन्यांची ओळख लपवून दुसऱ्या कोणाकडून पुन्हा मोजून घ्याव्यात?