‘डायबिटीस डिस्ट्रेस’ला मराठीत काय म्हणावं?

काना-मात्रा : इंदूरमधल्या मराठी घरांसाठी शुगर असलेल्यांची एक प्रश्नावली मराठीत करायची आहे. मथळ्यातच अडलंय. ‘डायबिटीस डिस्ट्रेस’साठी कच्च्या मसुद्यात ‘मधुमेहजन्य मानसिक ताणतणाव’ असं लिहिलंय. राजेंद्रनगर-सुदामानगरातल्या सत्तरीच्या आजींना वाचून दाखवल्यावर चटकन कळेल असा शब्द हवा.

वेलांटी : आधी संकल्पना नीट धरू, म्हणजे शब्द सुचेल. बोस्टनच्या जॉस्लिन मधुमेह केंद्रात विल्यम पोलोन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २० प्रश्नांची ‘पेड’ (‘प्रॉब्लेम एरियाज इन डायबिटीस’) ही मोजपट्टी मांडली. रोज औषध घेणं, बोट टोचणं, ताटातलं मोजणं, पुढे डोळे-किडनीचं काय होईल ही धास्ती, या सगळ्याचं मनावर जे ओझं येतं ते वेगळं मोजायला हवं, हा त्यामागचा विचार. तो मानसिक आजार नाही. एका अवघड आजाराला रोज तोंड देताना कुणालाही होईल अशी ती अवस्था आहे.

म्हणून ‘नैराश्य’ आधी बाद करा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन-२’ या १७ देशांच्या पाहणीत (भारतही होता) ४४.६ टक्के लोकांमध्ये हा डिस्ट्रेस आढळला, तर नैराश्याची शक्यता १३.८ टक्क्यांमध्ये. दोन्हींना एकच शब्द वापरला तर फक्त पथ्याला कंटाळलेला माणूस नैराश्याच्या गोळ्यांपर्यंत जाऊन पोचेल. नैराश्याच्या ९ प्रश्नांच्या चाचणीत थकवा, झोप आणि भूक यांचे प्रश्न आहेत. शुगर वाढलेली असली, रात्री चारदा लघवीला उठावं लागत असलं, की तिथले गुण आपोआप चढतात. (त्या चाचणीतल्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे जीव नकोसा होण्याच्या प्रश्नाला, शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर बेरजेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायचं.)

‘ताण’ फार ढगळ आहे. नोकरीचा, मुलीच्या लग्नाचा, सगळाच त्यात येतो. आणि ‘त्रास’ तर चालणारच नाही. ‘मला शुगरचा त्रास आहे’ याचा आपल्याकडे अर्थ एवढाच की मला मधुमेह आहे.

माझं मत : ‘जाच’. सासूचा जाच, सावकाराचा जाच, अटींचा जाच. हा शब्द नुसता येत नाही, ‘कुणाचा?’ हे बरोबर घेऊन येतो. डिस्ट्रेसचं नेमकं तेच आहे, त्याला उगम असतो.

अनुस्वार : वेलांटीताई, अर्थ अगदी चपखल, पण इंदुरात हा शब्द कानाला दगा देईल. इथे दिवसभर हिंदी. ‘शुगरचा जाच होतो का?’ असं विचारलंत की निम्मे लोक ‘शुगर की जाँच’ ऐकतील आणि ‘हो, दर महिन्याला करते’ असं उत्तर देतील. पुण्यात ‘जाच’मधला च दंत्य, म्हणजे ‘चमचा’तल्यासारखा उच्चारतात, त्यामुळे फरक राहतो. आपल्याकडे पुष्कळ घरांत दंत्य च-ज हिंदीच्या वळणाने तालव्य (च ‘चहा’तल्यासारखा) झालेत. मग मधे उरतो फक्त अनुस्वार, तोही दात नसलेल्या तोंडातून!

‘जाचक’ही जपून वापरा. ‘जाचक अटी’ वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना कळेल, पण जुन्या हिंदी काव्यात जाचक म्हणजे याचक.

काना-मात्रा : मग ‘काच’? ‘जाचकाच’ असा जोडशब्द आहेच.

अनुस्वार : काच म्हटलं की खिडकीची काच. पायताणाचा काच, म्हणजे ते घासून-आवळून होणारं दुखणं, माहीत असलेली पिढी आता थोडी. ‘ससेमिरा’ चालेल असं वाटलं होतं, पण तो पाठलाग झाला, त्यात दुखणं येत नाही.

वेलांटी : अनुस्वारराव, जाँचचा मुद्दा बिनतोड आहे. पण तो नामापुरता. क्रियापद घ्या ना : ‘पथ्य जाचतं’, ‘बोट टोचणं जाचतं’. मराठी वाक्यात ‘जाचतं’ला दुसरा अर्थच चिकटत नाही. छापील मथळ्यात ‘मधुमेहाचा जाच’, तोंडी प्रश्नात ‘जाचतं का’.

दुसरा फायदा असा. २००५ मध्ये पोलोन्स्की, फिशर यांनी १७ प्रश्नांची दुसरी पट्टी दिली. तिचे चार भाग आहेत : मनावरचं ओझं (५ प्रश्न), डॉक्टरांबाबतचे (४), पथ्य-औषध-तपासणीचे (५), घरच्या-जवळच्यांचे (३). प्रत्येक प्रश्नाला १ ते ६ गुण, मग सरासरी. २ ते २.९ मध्यम, ३ किंवा वर तीव्र. चारही भागांना ‘कुणाचा जाच?’ हा एकच प्रश्न पुरतो.

इथे लोक हटकून एक चूक करतात, एकूण सरासरीवर थांबतात. समजा मनाच्या ५ प्रश्नांची बेरीज ७, डॉक्टरांच्या ४ ची ४, पथ्याच्या ५ ची २० आणि घरच्या ३ ची ३. एकूण ३४, भागिले १७, सरासरी २. कागदावर जेमतेम मध्यम. पण पथ्याची सरासरी काढा, २० भागिले ५ म्हणजे ४. त्या माणसाला धीर देऊन उपयोग नाही, त्याचा आहाराचा तक्ता आणि औषधाच्या वेळा बदलायला हव्यात. ‘ताण’ लिहिलं असतं तर त्याला प्राणायाम सांगून घरी पाठवलं असतं.

(‘पेड’चं गणित वेगळं : २० प्रश्न, ० ते ४ गुण, बेरीज गुणिले १.२५. ४० किंवा वर गेलं की तीव्र. म्हणजे बेरीज ३२ ला ती रेघ येते. दोन पट्ट्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.)

काना-मात्रा : घरच्यांच्या भागात ‘पाठिंबा मिळत नाही’ असं लिहिलंय. पाठिंबा निवडणुकीतला वाटतो.

वेलांटी : वाटतोच. शिवाय घरचा जाच दोन उलट दिशांनी येतो आणि प्रश्नात दोन्ही दिशा मावायला हव्यात. एक, ‘हे कशाला खाल्लंस?’ म्हणून ताटावर पहारा. दुसरी, रविवारी सकाळी पोह्यांबरोबर जलेबी पुढे करून ‘एवढ्याशाने काय होतंय!’ ‘घरचे समजून घेत नाहीत’ या वाक्यात दोन्ही बसतात.

अनुस्वार : उत्तरांच्या पायऱ्यांकडेही बघा. मसुद्यात ‘थोडा, थोडाफार, जरासा, बराच’ असं आहे. यांचा चढता क्रम कुणालाच लावता येणार नाही. ‘अजिबात नाही, किंचित, थोडं, बरंच, खूप, अतोनात’ असं करा. सहा चिठ्ठ्यांवर लिहून, पिसून, पाच-सहा जणांना क्रमाने लावायला सांगा. दोघांनी जरी एकाच जागी अदलाबदल केली तरी ती पायरी बदला. तसंच प्रत्येक प्रश्नानंतर ‘तुम्हाला काय विचारलं असं वाटलं?’ हे त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. उलट भाषांतर (मराठीचं परत मूळ भाषेत) करून घेतलंत तरी जाच-जाँच त्यात सापडणार नाही, कारण उलट भाषांतर करणारा शब्द वाचतो, ऐकत नाही.

आणि ‘शुगर उतरण्याची भीती वाटते का?’ हा प्रश्न काढाच. इथे ‘शुगर उतरली’ ही आनंदाची बातमी असते. ‘शुगर एकदम कमी होऊन घाम सुटेल, हातपाय थरथरतील, अशी धास्ती वाटते का?’ असं पूर्ण लिहा. रक्तातली साखर ७० च्या (मिग्रॅ/डेसिली) खाली जाण्याची गोष्ट आहे, लोक तिला बहुधा लक्षणांनी ओळखतात.

वेलांटी : डॉक्टरांबाबतचे चार प्रश्न दवाखान्याबाहेर विचारा. डॉक्टरसाहेब पलीकडच्या खोलीत असताना सगळ्यांना सगळं ‘अजिबात नाही’च असतं.

काना-मात्रा : आणखी एक. सगळं सोडून देण्याची जी अवस्था येते, गोळ्या बंद, तपासणी बंद, तिलाही जाचच म्हणू?

वेलांटी : नको, ती जाचाच्या पुढची. तिला ‘वीट’. ‘पथ्याचा वीट आलाय’ हे लोक आपणहून म्हणतात. मात्र ‘पथ्य मोडलं’, ‘चोरून खाल्लं’ हे शब्द प्रश्नावलीत एकदाही नकोत. ते आरोपपत्रातले आहेत. पुढ्यात ठेवले की खरं उत्तर मिळत नाही. ‘ठरवल्याप्रमाणे खाणं जमलं नाही’ म्हणा.

काना-मात्रा : मग असं करते. मथळा : ‘मधुमेहाचा जाच’. पहिला प्रश्न : ‘गेल्या महिन्याभरात शुगर सांभाळण्यातलं काय काय जाचलं, आणि किती?’

अनुस्वार : ‘काय काय’ची दोन उत्तरं आली तर खूण कुठल्या पायरीवर करतील? एका प्रश्नात एकच गोष्ट ठेवा. ‘रोज वेळेवर गोळ्या घेणं किती जाचलं?’ आणि बोट टोचणं पुढच्या ओळीत.