प्रति: परदेशात लग्न हे सिनेमावाल्यांचं खूळ

परदेशात जाऊन लग्न करण्याची चाल विराट-अनुष्कापासून (2017, इटली) पडली, असं वर कुणीतरी लिहिलंय. ते पटत नाही. आपला मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या निजामाच्या दोन थोरल्या मुलांची लग्नं नोव्हेंबर 1931 मध्ये फ्रान्समधल्या नीसला झाली होती. थोरल्या आझम जाहची वधू दुर्रुशेहवार ही शेवटचे खलिफा (मुस्लिमांचे धर्मप्रमुख) अब्दुल मजीद यांची मुलगी, आणि धाकट्या मोअज्जम जाहची निलोफर तुर्कस्तानच्या त्याच उस्मानी राजघराण्यातली. खलिफांना 1924 मध्ये तुर्कस्तानातून घालवलेलं. निजामाने त्यांना तनखा सुरू केला होता. म्हणजे पैसा एकीकडचा, प्रतिष्ठा दुसरीकडची. या खलिफांसाठी खुलताबादजवळ कबरही बांधली गेली, पण त्यांचं दफन मदिनेत झालं. आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे? शाळेत तर कुणी सांगितलं नाही.

मला या सगळ्यात निलोफरबद्दल फार वाटतं. मूल नाही, पुढे 1952 ला घटस्फोट. पण तिची दासी बाळंतपणात दगावली, तेव्हा तिने हैदराबादेत बायका-मुलांसाठी दवाखाना व्हावा म्हणून आग्रह धरला. तो आजही तिच्याच नावाने चालतो. लग्नाच्या थाटापेक्षा यावर इथे लिहा ना कुणीतरी.