पेपर बंद करणं: पेपरवाल्याला सांगणं सोपं की ॲपला?

खडूस_पुणेकर: कागदी पेपर बंद करायला एक वाक्य पुरायचं, "उद्यापासून टाकू नका." महिनाअखेरीला खाडे वजा करून बिल, विषय संपला. ई-पेपरची वर्गणी भरायला दोन टिचक्या; सोडायचं बटण मात्र सेटिंगच्या तळघरात. ते सापडलं की अर्ध्या किमतीचं आमिष, मग 'का सोडताय' ही प्रश्नावली. जितक्या टिचक्यांत घेता येतं तितक्यांतच सोडता आलं पाहिजे.

कट्टेकरी: एक वाक्य? आमच्याकडे पेपर टाकणारा पोरगा वेगळा, बिल नेणारे काका वेगळे. बंद सांगूनही पेपर दारात हजर! वार्षिक योजनेत आगाऊ पैसे भरून भेटवस्तू घेतली असेल तर वर्षभर विसराच. शिवाय काकांच्या तोंडावर नको म्हणणं जड जातं. आईने न वाचता दोन पेपर चालू ठेवले ते निव्वळ भिडेपोटी. ॲपची कसली आलीय भीड?

पासबुक: बटण शोधताच कशाला? ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने आपोआप पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी कळवावं लागतं, तिथूनच नकार देता येतो. यूपीआय ऑटोपे असेल तर यूपीआय ॲपमध्ये मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, रद्द करा.

खडूस_पुणेकर: तो मेसेज ओटीपीच्या गर्दीत कोण वाचतं? ॲप काढून टाकलं की वर्गणी संपली असं समजणारेही कमी नाहीत. पैसे कापले जातच राहतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहकाला फसवणाऱ्या 13 क्लृप्त्यांची यादी काढली, त्यात वर्गणीत अडकवणं आहेच. अडकलेल्यांनी 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.

पहाटपाळी: आमचा घरचा धंदा पेपर विक्रीचा, म्हणून बोलतो. तुमचं एक वाक्य सोपं होतं, कारण त्याचा फटका विक्रेत्याला बसायचा. बिल थकवून फ्लॅट सोडून गेलेली गिऱ्हाइकं कुठे शोधणार? एप्रिल 2020 मध्ये राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायला बंदी केली. ती उठल्यावर कितीतरी घरांनी 'बंद करा' म्हटलंच नाही, फक्त 'चालू करा' म्हणाले नाहीत. मार्चचं बिलही तसंच राहिलं. कंपन्या आधी पैसे घेतात ते उगाच नाही.

खडूस_पुणेकर: आधी घ्या की, हरकत कुणाची? महिना भरला की सोडा एवढंच म्हणणं आहे. आणि त्या ऑनलाइन वर्गणीतलं विक्रेत्याच्या हाती काय पडतं?